दोन ढवळ्या बैलांचं वर्णन

जनावराचं वर्णन कोणत्या शब्दांत लिहायचं, हे ठरवायला आमच्या भागातल्या एका सहकारी संस्थेनं बैठक बोलावली होती. त्या बैठकीत मी होतो, याचं मला अजून नवल वाटतं. मी तेव्हा धाराशिवच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद आहे, पण आमच्या घरी धाराशिवच म्हणतात. माझ्याआधी आमच्या घरात कुणी शाळासुद्धा पुरी केलेली नव्हती. संस्थेच्या चिटणीसांनी माझं अक्षर कुठंतरी पाहिलं होतं आणि दुष्काळामुळं कॉलेजची खानावळ बंद पडून मी गावी आलो होतो. तेवढ्यावर त्यांनी मला बोलावलं.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. त्या उन्हाळ्याबद्दल लिहावं असं बरेचदा मनात आलं, पण कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं. बैलापासूनच करतो.

माझ्या वडिलांकडं दोन बैल होते. आमच्या वस्तीत बैलजोडी असलेलं ते एकच घर. धर्मांतर झालं तेव्हा मी कडेवर होतो, त्यामुळं त्याआधीचं मला काही आठवत नाही. पण आमचे लोक गावची मेलेली गुरं ओढायचे आणि ते काम त्या वर्षी सगळ्यांनी मिळून सोडलं, हे मी ऐकत वाढलो. वडील सांगायचे, मेलेली गुरं ओढायचं सोडल्यावर जिवंत गुरं पाळायची असं त्यांनी मनाशी धरलं. माळावरचा गायरानाचा एक तुकडा त्यांच्या नावावर झाला, त्यानंतर पुष्कळ वर्षांनी एक बैल आला आणि त्यानंतर दुसरा.

दुसरा आला तो त्याच्या गळ्याखाली गोम होती म्हणून. गोम म्हणजे केसांची एक रेघ. बाकीचे केस एकीकडं वळतात आणि तेवढी रेघ उलटी जाते, अंगावर गोम चालल्यासारखी दिसते. ज्या दावणीला असं जनावर उभं राहतं ते घर बसतं, असं आमच्याकडं सगळे मानतात. म्हणून तो बैल बाजारातून दोनदा माघारी गेलेला होता आणि स्वस्तात मिळत होता. वडिलांनी त्याचा गळा चाचपला, त्याला चालवून पाहिलं आणि म्हणाले, "केस उलटे हायत. बैल सरळ हाय." तो खरोखर सरळ होता. जुवाला मान देताना कधी मागं सरला नाही.

दुष्काळाचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी पाहिला त्यांना नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना माझ्या लिहिण्यानं तो दिसणार नाही. एवढंच सांगतो, की कडबा संपला, मग छपरावरचं जुनं गवत काढून गुरांना घातलं आणि तेही संपलं. माणसं खडी फोडायच्या कामावर गेली. गुरांना जायला काम नव्हतं. तेव्हा त्या संस्थेनं नदीला डोह राहिले होते तिथं, लांब, एक छावणी घालायचं ठरवलं. उसाचं वाढं तिथं मिळत होतं. तुळजापूरच्या अंगाची आणि भूमच्या अंगाची गुरं ट्रकनं तिथं न्यायची, पाऊस झाला की ज्याची त्यानं घेऊन यायची. एका घरचं एकच जनावर.

पहिल्या ट्रकबरोबर गेलेले कागद छावणीच्या कारकुनानं परत पाठवले. चिटणीसांनी ते मला दाखवले. प्रत्येकानं आपापल्या मनानं लिहून किंवा लिहवून घेतलेलं होतं. एकावर होतं, 'पांढरा बैल, चांगला.' एकावर, 'मामानं दिलेली गाय.' एका कागदावर लिहिलं होतं, 'स्वभावानं गरीब, हाक मारली की बघते.' कारकुनानं खाली तांबड्या शाईनं विचारलं होतं, की काय म्हणून हाक मारायची.

म्हणून बैठक. संस्थेच्या गोदामात धान्य नव्हतं, रिकामी पोती होती. त्यांवर आम्ही बसलो. चिटणीस, तामलवाडीकडचे एक बागायतदार, आणि भूमच्या अंगाचे, ईट गावाकडचे एक म्हातारे. त्या म्हाताऱ्यांना जनावरातलं फार कळतं अशी त्यांची ख्याती होती. बाजारात लोक त्यांना आधी दाखवायचे आणि मग सौदा करायचे. माझ्याबरोबर वडील आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण बसू नका असंही कुणी म्हणालं नाही. ते दाराशी बसले.

रंगापासून सुरुवात झाली आणि तिथंच दुपार झाली. तामलवाडीकडं ज्याला ढवळा म्हणत त्याला ईटकडं कोसा म्हणत, आणि दोघांचंही म्हणणं होतं की समोरच्याला रंग कळत नाही. म्हातारे म्हणाले, धुळीत समदी जनावरं एका रंगाची असतात, आधी धुवून तर आणा. बागायतदार म्हणाले, पाणी तुम्ही द्या, धुतो मी. शेवटी म्हाताऱ्यांनीच तोड काढली. कानाच्या मागं धूळ कमी बसते, तिथला रंग तो जनावराचा रंग. पांढरा असला तर ढवळा, राखेची झाक असली तर कोसा, दोन रंगांचे ठिपके असले तर बांडा. मी ते लिहून घेतलं. लिहिताना मला बरं वाटत होतं. कॉलेजात व्याख्या हा शब्द मी नुकताच शिकलो होतो आणि आता माझ्यासमोर माणसं खऱ्याखुऱ्या व्याख्या करत होती.

मग शिंगं कुठं वळतात ते ठरलं, शेपटीचा गोंडा ठरला, दातांवरून वय कसं लिहायचं ते ठरलं, सगळे दात आले असले तर जुळलेले, डागणीची खूण ठरली. नाव लिहायचं नाही असं ठरलं, कारण बैलांची नावं गावोगाव तीच असतात. मालक म्हणजे कोण, यावर बराच वेळ गेला. बागायतदार म्हणाले, ज्याच्या गोठ्यात आहे तो. चिटणीसांनी विचारलं, गोठा मोडून ज्यानं चुलीत घातला त्याचं काय करायचं? सगळे हसले. मी जरा भीत भीत विचारलं, की घरचा पुरुष मुंबईला कामाला गेला असेल आणि बाईनं गाय आणली तर मालक कुणाला लिहायचं? म्हातारे म्हणाले, जे घेऊन येईल ते मालक. बागायतदार म्हणाले, म्हणजे चोरच मालक की. शेवटी गावच्या दोन माणसांची साक्ष असली की आणणारं माणूस मालक, मग बाई असो की पुरुष, असं ठरलं.

मी कागद आवरत होतो तेव्हा दारातून वडिलांनी विचारलं, "गोम लिहायची का न्हाय?"

गोम असलेलं जनावर बाळगणारा ती गोष्ट कुणाला सांगत नाही, आणि दुसऱ्याच्या बैलाला गोम आहे हे ठाऊक असलं तरी माणसं बोलून दाखवत नाहीत.

म्हातारे म्हणाले, "तुझं बरं हाय बाबा. तुमी आता काईच मानत न्हाय. आमच्या बैलाची गोम कागदावर चढली तर उद्या बाजारात त्याला कोण हात लावंल?"

"असली तर असलीच की," वडील म्हणाले. "न चढवल्यानं ती जाती व्हय?"

"कागदावर न्हाय ती न्हायच."

त्या म्हाताऱ्यांना वडील तुम्ही म्हणत आणि म्हातारे त्यांना तू म्हणत. वयात तसं फार अंतर नव्हतं. चिटणीसांनी दोन्हीकडं पाहिलं आणि गोम वगळली. लोक एरवीच कागद करायला कचरतात, त्यात गोम विचारली तर कुणी जनावर घेऊन येणारच नाही, असं ते म्हणाले. ते खोटं नव्हतं. मग त्यांनी एक नियम सांगितला आणि मला तो ठळक लिहायला लावला, की कागदावर जे लिहिलं आहे तेवढंच धरायचं, कागदाबाहेरची खूण कुणी सांगितली तर ऐकायची नाही. नाहीतर परत घेताना ज्याला जो बैल आवडेल त्याची खूण तो सांगेल. तेही खोटं नव्हतं.

वडिलांनी गोमवालाच बैल छावणीला पाठवायचं ठरवलं. आधीचा परक्याच्या हातचं खात नसे. आमच्या बैलाचं वर्णन मीच लिहिलं. वडिलांनी कान मुडपून दाखवला, शेपूट उचलून दाखवली, तोंड उघडून दात दाखवले. बैल. ढवळा. शिंगं मागे जाऊन टोकाला आत वळलेली. गोंडा काळा. दात जुळलेले. डागणी नाही. आम्ही ठरवलेल्या शब्दांत तो एवढाच होता. एक कागद वडिलांना, एक छावणीला, आणि डब्याचा पत्रा कापून केलेला आकड्याचा बिल्ला सुतळीनं बैलाच्या गळ्यात. ट्रक निघाला तेव्हा वडील त्याच्या बरोबर थोडे चालले. मग ट्रकनं वेग घेतला.

पुढचे महिने ते खडीच्या कामावर गेले आणि संध्याकाळी घरच्या बैलापुढं जे मिळेल ते टाकत राहिले. बाभळीच्या शेंगा, निवडुंग भाजून काटे काढलेला, एकदा माझी फाटलेली चटई. छावणीची खबर कधीतरी यायची, पण ती छावणीची असायची, बैलाची नसायची.

पाऊस झाल्यावर छावणी मोडायचा निरोप आला. येताना बैल चालवत आणायचा म्हणून आम्ही जाताना एसटीनं आणि पुढं पायी गेलो. आईनं भाकरी दिल्या होत्या आणि एका फडक्यात मूठभर पेंड, त्याच्यासाठी. पेरणीला ओल झाली होती. जोडी उभी राहिली की दोन दिवसांत कुळवणी सुरू करायची, असं वडील वाटेत दोनदा तीनदा म्हणाले. एका बैलानं शेत होत नाही. ज्याचा एकच बैल असतो तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो, दोघांचे बैल जुंपून आळीपाळीनं दोघांची शेतं करतात. पण आमच्या वस्तीत दुसरा बैल कुणाकडं नव्हता, आणि गावातलं कुणी आमच्याशी सावड करत नसे. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

छावणीत पोचल्यावर कळलं, की गुरांच्या गळ्यात बिल्ले उरलेच नव्हते. उपाशी गुरांनी एकमेकांच्या गळ्यातली सुतळी चावून खाल्ली होती. गोदामात बसून आम्ही एवढं ठरवलं, पण गुरं सुतळी खातील हे आमच्यातल्या कुणाला सुचलं नव्हतं, बागायतदारांना नाही आणि त्या म्हाताऱ्यांनाही नाही. कारकुनाच्या टेबलाखाली पत्र्याच्या बिल्ल्यांचा ढीग पडला होता. त्यामुळं सगळं त्या वर्णनांवर चाललं होतं. आणि खरं सांगायचं तर चांगलं चाललं होतं. कारकून कागद वाचायचा, गडी जाऊन कान मुडपून बघायचा, शिंगं बघायचा आणि जनावर घेऊन यायचा. एक बाई बांडी गाय घेऊन आमच्या शेजारून गेली, गाईच्या पाठीवर हात ठेवून. ते शब्द लिहून घेणारा मीच, हे कळल्यावर कारकून म्हणाला, तुमच्या शब्दांनी आमचं काम सोपं केलं. मी वडिलांकडं पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं.

आमचा कागद त्यानं वाचला आणि बाजूला ठेवला. म्हणाला, जरा थांबा, याच्यात घोटाळा आहे. या वर्णनाचे बैल दोन आले होते. शब्दाला शब्द तेच. त्यातला एक उन्हाळ्याच्या शेवटी मेला.

"कुठला मेला?" वडिलांनी विचारलं.

कारकून म्हणाला, तेच तर सांगतोय, ढवळा, शिंगं मागं, गोंडा काळा. त्याच्या वहीत तेवढंच होतं. पूर्वी मेलेलं जनावर माणसांनी ओढलं असतं, आता छावणीनं ट्रॅक्टर लावला होता. ट्रॅक्टरवाल्यानं साखळी अडकवली आणि ओढ्यापलीकडं नेऊन टाकला. त्याला कोण कुणाचा ते काय कळणार.

दुसऱ्या बैलाचा मालक सकाळपासून येऊन बसला होता. ते ईटकडचे म्हातारे होते. बाभळीखाली भाकरीचं गाठोडं शेजारी ठेवून बसले होते. मला पाहून म्हणाले, "या कॉलेजवाले. चांगलं वर्णन केलंत आपण." त्यांना चिडवायचं होतं, पण ते जमलं नाही. त्यांचा आवाज बसलेला होता.

बैल समोर बांधलेला होता. शेतकरी आपलं जनावर हजारात ओळखतो असं म्हणतात आणि मीही तेच धरून चाललो होतो. वडील त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. बरगड्या दिसत होत्या, खांद्यावरचे केस गेले होते, एका शिंगाचं टोक दगडाला घासून बोथटलं होतं. डोळ्यांखाली पाणी वाळून काळे ओघळ झाले होते. वडिलांनी हाक मारली. त्यानं कान हलवला. मग म्हाताऱ्यांनी त्यांच्या बैलाच्या नावानं हाक मारली, तेव्हाही त्यानं कान हलवला. माशा खूप होत्या.

"माझा वाटतोय," म्हातारे म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "वाटतोय. शपथ घ्यायला सांगशील तर न्हाय घ्यायचो मी."

"मला बी माझाच वाटतोय," वडील म्हणाले.

कारकुनानं विचारलं, कागदाबाहेरची काही खूण आहे का? आणि विचारल्याबरोबर त्याला नियम आठवला असावा. तो म्हणाला, असली तरी मला धरता येत नाही म्हणा. मी वडिलांकडं पाहिलं. गळ्याखाली हात घालायचा, एवढंच करायचं होतं. ते बैलापासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांनी हात घातला नाही. मीही काही बोललो नाही. म्हाताऱ्यांना आमच्या बैलाची गोम माहीत नव्हती. गोदामात वडिलांनी विचारलं होतं ते नुसतं विचारलं होतं, आपल्या बैलाचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं.

चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. छावणीत स्वयंपाकाला असलेल्या बाईंना बोलावलं. त्यांनी पदराला हात पुसले आणि तांब्यातली एक चिठ्ठी काढली. वडिलांची निघाली.

म्हाताऱ्यांनी गाठोडं उचललं, पुन्हा खाली ठेवलं आणि तसेच बसून राहिले. कारकुनानं वडिलांचा अंगठा घेतला. वडिलांनी बैल सोडला आणि त्याला डोणीवर पाण्याला नेलं. मी मागं गेलो. बैल पाणी प्यायला लागला तेव्हा वडील त्याच्या मानेशी खाली बसले आणि त्यांनी गळ्याखाली हात घातला. वरून खाली हात फिरवला. मग खालून वर. बसूनच राहिले. त्यांची पाठ माझ्याकडं होती. तोंड दिसत नव्हतं, पण मला कळलं.

बैलाचं पिणं होईपर्यंत ते थांबले. मग फडक्यातली पेंड काढून त्याला हातावर खाऊ घातली, सगळी, आणि त्याला घेऊन बाभळीकडं परत आले.

"हा माझा न्हाय," ते म्हाताऱ्यांना म्हणाले. "तुमचा हाय."

"चिठ्ठी तुझी निघाली."

"निघाली. बैल माझा न्हाय. माझ्याला गोम होती, गळ्याला. ह्याला न्हाय."

म्हातारे उठले. त्यांनी स्वतः बैलाच्या गळ्याला हात लावून पाहिला, वडिलांवर विश्वास नव्हता म्हणून नसावं, हाताला सवय होती म्हणून. मग म्हणाले, "गोम होती तर आधी का न्हाय बोललास?"

वडिलांनी कासरा त्यांच्या हातात दिला. म्हाताऱ्यांनी तो धरला आणि बैलाकडं बघत म्हणाले, "लिहायला पायजे होती. मीच आडवा आलो." त्यांनी वडिलांना भाकरी खाऊन जा असं म्हटलं, आपल्याबरोबर बसायला सांगितलं. वडील म्हणाले, लांब जायचं आहे, उजेडात निघालेलं बरं.

निघायच्या आधी वडील ओढ्यापलीकडं गेले. मला म्हणाले, तू थांब. पण मी गेलो. तिथं पुष्कळ हाडं होती. कातडी कुणीतरी आधीच काढून नेली होती. उरलेल्यांत आमचं कोणतं हे सांगायला रंग नव्हता, गोंडा नव्हता. शिंगं होती, पण मागं वळलेली शिंगं बऱ्याच जणांची होती. मला तिथं एक विचार आला आणि तो आल्याचं वाईट वाटलं. पूर्वीसारखं आमच्यातल्या कुणी त्याला ओढलं असतं, कातडं सोललं असतं, तर ती उलटी रेघ त्याच्या सुरीखाली आली असती. गोमवाला मेला, हे आमच्यातल्या कुणाला तरी कळलं असतं. हा विचार मी वडिलांना सांगितला नाही. ज्या कामातून ते एवढ्या कष्टानं बाहेर पडले, त्या कामाची मला अशी आठवण व्हावी हे मला आवडलं नाही. पण त्यांच्याही मनात तो आला असेल, असं मला वाटतं. कारण ते मधेच म्हणाले, "सोडलं ते बरंच केलं आपण." मी कशाबद्दल ते विचारलं नाही.

रस्त्याला लागल्यावर वडिलांनी रिकामं फडकं झटकून खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "आधीच बघितलं असतं तर चिठ्ठीच टाकाया नको होती. पर हात जाईना. हात घातला की कळणार. न घातला तवर तो आपलाच हुता."

मी म्हटलं, "बा, तुम्ही न सांगता आणला असता तर कुणाला कळलं नसतं."

हे मी का म्हटलं मला माहीत नाही. आणायला हवा होता असं मला म्हणायचं नव्हतं. त्यांचं मोठेपण त्यांना सांगावं असं काहीतरी मनात होतं आणि ते भलतंच होऊन बाहेर आलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "रोज जुपताना गळ्याला हात जातोच की रं."

घरी पोचलो तेव्हा आईनं दारातून आमच्या मागं पाहिलं. घरच्या बैलाशेजारची जागा तिनं झाडून ठेवली होती, तिथं जाऊन ती उगाच काहीतरी उचलत राहिली. रात्री जेवताना तिनं एवढंच विचारलं, की त्याचं सगळं खाणं-पिणं तरी झालं असेल का तिथं. वडील म्हणाले, झालं असेल. मेलेला नक्की कधी मेला, कसा मेला, हे कारकुनालाही सांगता आलं नव्हतं.

ओल चार दिवस टिकली. वडील गावात दोन घरी जाऊन आले. एकानं सांगितलं, सावड आधीच झाली. दुसऱ्यानं सांगितलं, बैल दमलाय. तो बैल दुपारी दुसऱ्याच्या शेतात चालत होता, हे आमच्या माळावरून दिसत होतं. आमच्या शेतात थोडी ज्वारी आई-वडिलांनी हातानं टोकून लावली. बाकी रान तसंच राहिलं.

मला कॉलेजला परतायचं होतं. त्याच आठवड्यात वडील म्हणाले, धाराशिवच्या बाजारापर्यंत बरोबरच जाऊ. घरचा बैल विकायचा होता. एका बैलाला नुसतं उभं करून खायला घालणं त्यांना झेपणार नव्हतं, आणि त्यालाही ते बरं नाही, असं ते म्हणाले. माझी पत्र्याची पेटी त्यांनी डोक्यावर घेतली आणि बैलाचा कासरा माझ्या हातात दिला. आम्ही चालत गेलो.

बाजारात जनावरं कमी होती, गिऱ्हाइकं त्याहून कमी. एक मध्यम वयाचा माणूस आला, बैलाभोवती फिरला, दात बघितले. म्हणाला, "जोडीचा हाय वाटतं. खांद्यावर एकाच बाजूनं घट्टा हाय."

"जोडीचाच," वडील म्हणाले. "डावीकडं चालतो. उजवीकडं घालू नका, बिथरतो. आन् परक्याच्या हातचं लवकर खात न्हाय. दोन दिवस दम धरा."

तो हं हं करत होता. मग त्यानं विचारलं, "गोम-बिम न्हाय ना?"

वडिलांनी बैलाचं तोंड वर उचलून धरलं. "बघा की."

त्यानं गळ्याखाली नीट पाहिलं, हात फिरवला. "न्हाय."

"ह्याला न्हाय. जोडीदाराला हुती."

"मग त्यो कुठं हाय?"

"छावणीला गेला हुता. मेला."

तो माणूस हसला. वाईट हसला नाही, मोकळेपणानं, आपल्या माणसाशी बोलावं तसा. "मग सुटलात म्हना," तो म्हणाला, "घरदार राखलं देवानं."

आमच्याकडं जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत, घेणाऱ्यानं आपलं आणायचं असतं. त्या माणसानं आपलं दावं बैलाच्या गळ्यात घातलं. मग वडिलांनी आमचं सोडलं. सोडताना गाठ लवकर सुटेना, तेव्हा मी मदतीला हात पुढं केला. ते म्हणाले, "राहू दे, मी सोडतो," आणि खाली वाकून गाठ सोडवत राहिले. बैल उभा होता. तो माणूस वाट बघत होता.